वादळातला व्हॉलीबॉल

कतारमध्ये मी बरीच वर्षं काढली, पण दोहा शहर माझ्या वाट्याला फार थोडं आलं. माझा मुक्काम समुद्रात, एका चपट्या वाळूच्या बेटावर. सत्तरच्या दशकाची अखेर होती. तेलवाल्यांना समुद्रात नवे मनोरे उभारायचे होते आणि त्याआधी तिथला वारा, लाटा, भरती-ओहोटी सगळं नीट मोजून हवं होतं. ते मोजायला आम्हा डझनभर माणसांना तिथे नेऊन ठेवलं होतं. बेटावर झाड नव्हतं, बाई नव्हती, गोडं पाणी नव्हतं. असल्या एकांतात माणसाचा स्वभाव निवळतो म्हणतात. माझा मुळातच तिरसट होता, तो तिथे जाऊन पक्का झाला.

काम सोपं होतं, फक्त ते कधी संपत नसे. दर तीन तासांनी वाऱ्याचा वेग, हवेचा दाब, तापमान टिपायचं. धक्क्याच्या खांबावर पाणी कुठवर चढलंय ते बघायचं. बादलीने समुद्राचं पाणी ओढून त्यात थर्मामीटर बुडवायचा, आणि हे सगळे आकडे रेडिओवरून दोह्याच्या ऑफिसला वाचून दाखवायचे. तिकडचा माणूस असा काही जांभया देत ऐके, की जणू मी रोज त्याची झोपमोड करायलाच जन्माला आलो होतो. शिवाय दिवसातून दोनदा फुगा सोडायचा. पत्र्याच्या शेडमध्ये सिलिंडरवर रबरी फुगा फुगवायचा, मोकळा सोडायचा आणि छपरावर जाऊन थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून त्याचा पाठलाग करायचा. फुगा कुठे वाहत जातो त्यावरून वरचा वारा कळतो. संध्याकाळचा फुगा अंधारात दिसावा म्हणून त्याच्या खाली एक बारका दिवा बांधत. त्याची बॅटरी पाण्यात बुडवली की दिवा लागे आणि एक पांढरा ठिपका आभाळात चढायला लागे. पहिल्या वर्षी मला त्याचं अप्रूप होतं. नंतर मी मानेला बाम चोळून वर जाऊ लागलो.

बेटावर मराठी आम्ही तिघंच. एक मी. दुसरे आमचे स्वयंपाकी, देवगडकडचे. त्यांना सगळे मामा म्हणत, केरळची पोरं आणि लाहोरचा मेकॅनिकसुद्धा. आणि तिसरे दाजी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते कराडकडचे इलेक्ट्रिशियन. त्यांना या नोकरीत मीच चिकटवलं होतं. माझ्याहून वयाने लहान, पण नात्याने मोठे, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायचो आणि ते मला पाव्हणं म्हणायचे. दाजींना पाण्याची भयंकर भीती. धक्क्यावर जायचं तरी अंगात लाइफ जॅकेट. लाँचमध्ये पाय ठेवला की चेहरा पांढरा. "दाजी, अहो अजून दोर सोडला नाही," असं म्हणून मी त्यांना छळत असे. ते कधी चिडले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

त्या वर्षी दिवाळीला दाजी सुटीवर निघाले. बहिणीचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. लाँचने दोहा, एक रात्र अल मुंतझाला कुणा गाववाल्याच्या खोलीवर, आणि दुसऱ्या दिवशी मुंबईचं विमान, असा बेत होता. लाँच दुपारी आली ती फराळ घेऊन. दोह्यात अल हिलालला पुण्याचं एक इंजिनिअर कुटुंब राहत असे. त्या बाई दर दिवाळीला आमच्यासाठी चकल्या-करंज्या पाठवत. त्या वर्षी त्यांनी सगळं एका मोठ्या खोक्यात घालून लाल जिलेटिन पेपरमध्ये गुंडाळलं होतं. मामांनी करंज्यांच्या आधी तो कागद सोडवला, घडी करून ठेवला.

हवा सकाळपासून मला पसंत नव्हती. दाब उतरत होता, दक्षिणेचा ओला वारा सुटला होता, अंगाला कपडे चिकटत होते. थंडीच्या तोंडावर अशी हवा पडली की मागून शमाल येतो. शमाल म्हणजे वायव्येचा वारा. येतो तो सांगून येत नाही आणि एकदा आला की समुद्र उकळायला लावतो. लाँचचा नाखोदा, म्हणजे कप्तान, इराणी होता, म्हातारा, पण हातात चाक असलं की तरुण. त्याने आभाळाकडे बघून म्हटलं, "शमाल आयेगा. यल्ला, जल्दी." आमचे साहेब मात्र म्हणाले, जाता जाता वाटेतल्या तरंगत्या यंत्राची बॅटरी बदलून जा, दोन दिवस ते बंद आहे. ते यंत्र लाटा मोजायचं, बेटापासून तीन-चार मैलांवर नांगरलेलं. बॅटरी बदलणार अर्थात दाजी. साहेब स्कॉटलंडचे, मोठे विद्वान आणि मनाने चांगले, पण समुद्राचा अभ्यास केलेला माणूस वेगळा आणि समुद्रावर वाढलेला वेगळा. शिवाय लाँचवरचा रेडिओ महिनाभर मुका पडला होता. दाजींनी तो उघडून बघितला होता. त्याचा एक भाग दोह्याहूनच यायचा होता. म्हणजे लाँच धक्क्यावरून सुटली की तिच्याशी बोलायची सोय उरत नसे.

दाजी धक्क्यावर माझ्या पाया पडायला वाकले. मी म्हटलं, "अहो, नात्याने तुम्ही मोठे." ते म्हणाले, "दिवाळी हाय, पाव्हणं." नाखोद्याने दोर सोडला.

आकाशकंदील ही कल्पना मामांची. बेटावर उघडी ज्योत लावायला सक्त मनाई होती, त्यामुळे पणत्या नाहीत, फटाके नाहीत. आधीच्या वर्षी मामांनी ट्यूबलाइटला नुसतं हळदीकुंकू लावलं होतं आणि दिवसभर तोंड पाडून बसले होते. या वर्षी त्यांनी तारेचा सांगाडा केला, त्यावर तो लाल जिलेटिन पेपर ताणून बसवला, खाली कागदाच्या झिरमिळ्या चिकटवल्या आणि मला म्हणाले, "ह्यो तुज्या फुग्याक बांध. आकाशकंदील तो आकाशातच जाऊक होयो." आत एकाऐवजी तीन दिवे. मी नाही म्हटलं. एवढ्या वजनाने फुगा नेहमीच्या वेगाने चढणार नाही, आकडे चुकतील, असं माझं म्हणणं. साहेबांना विचारलं तर त्यांचेच डोळे लकाकले. "एका दिवसाचे आकडे चुकू देत," म्हणाले. माझी हरकत वजनाला होती. रंगाला कुणाचीच नव्हती.

सूर्य बुडाला आणि वारा एकदम पडला. फुगा सोडला तर तो सरळ वर चढला, सावकाश. त्याखाली तो लालभडक कंदील. सगळे शेडबाहेर आले होते. केरळच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, लाहोरचा मेकॅनिक "वाह मामा, वाह" म्हणाला. मामांनी हात जोडले. मीही छपरावरून दुर्बिणीत बघत होतो. ढगात शिरेपर्यंत तो लाल ठिपका मी सोडला नाही.

नंतर थोड्याच वेळात शमाल आला. दार आपटावं तसा आला. वायव्येकडून गार वाऱ्याचा लोट, वाळू, मग नुसता आवाज. वाऱ्याच्या मापाच्या वाट्या इतक्या फिरायला लागल्या की त्या दिसेनाशा झाल्या. मी रेडिओवर दोह्याला आकडे दिले. एरवी जांभया देणारा तो माणूस त्या दिवशी जागा होता. त्याने विचारलं, लाँच कुठे आहे? मी म्हटलं, बॅटरी बदलून पुढे निघाली असेल, वारा तिला आडवा लागेल, उशीर होईल. एवढं बोलून मी दुर्बिणीवर ताडपत्री बांधायला छपरावर गेलो.

बांधायच्या आधी सहज म्हणून मी दुर्बीण खाली, नैर्ऋत्येला वळवली. तिथे एक दिवा दिसला. नीट बघितलं तर दोन, खालीवर होणारे, एक तांबडा आणि एक हिरवा. बोटीच्या डाव्या अंगाला तांबडा दिवा असतो आणि उजव्या अंगाला हिरवा. ती जात असली तर दोन्ही एकदम कधी दिसत नाहीत. दोन्ही दिसतात ते ती सरळ तुमच्यावर येत असली तरच.

मी खाली धावलो. भटारखान्यात साहेब आणि मामा दोघंही होते. मी म्हटलं, लाँच परत येतेय. साहेब म्हणाले, शक्य नाही, वादळात इकडे फिरकायचं नाही हे नाखोद्याला कुणी शिकवायला नको. ते खरंच होतं. बेटाभोवती प्रवाळाचा कडा होता आणि त्यात पश्चिमेला धक्क्यासमोर एकच फट. शांत समुद्रात दिवसाढवळ्यासुद्धा ती फट नाखोदा श्वास धरून पार करायचा. शमालमध्ये तिथे लाटा फुटत. त्यात शिरलेली बोट लाकूड होऊन बाहेर येईल हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आमच्याहून जास्त त्याला.

मामा हातातला झारा घेऊन तसेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "लाल दिवो. आमी लाल दिवो वर सोडलो."

साहेब खाली बसले. समुद्रावर लाल दिवा आभाळात चढला तर त्याचा अर्थ एकच: आम्ही संकटात आहोत, या. कुठल्याही देशाचा, कुठल्याही भाषेचा खलाशी तो दिवा बघून न बघितल्यासारखं करत नाही. नाखोद्याने तो पाहिला होता आणि तो आम्हाला वाचवायला येत होता. आम्ही करंज्या खात होतो.

त्या लाँचवर दाजी होते. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि तो काही केल्या हलेना. भीती म्हणजे काय ते मला त्या भटारखान्यात कळलं.

साहेबांनी कपाटातून संकटाच्या वेळी उडवायच्या बाणांची पेटी काढली. सगळे लाल. ते उडवणं म्हणजे त्याला आणखी घाई करणं. मी म्हटलं, दिव्याची उघडझाप करून संदेश देऊ. पण ती बोली नाखोद्याला येत नव्हती. साहेब म्हणाले, जनरेटर बंद करा, सगळा अंधार करा, वाट दिसली नाही तर तो आत शिरणार नाही. मामा जवळजवळ ओरडले, "काळोख केलास तर आमी मेलंव असा वाटतला तेका. आणखी जोरात येतलो." मी ते साहेबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "मग आपण बरे आहोत हे त्याला कसं कळणार?"

उत्तर लाहोरच्या मेकॅनिकने दिलं. तो दारात उभा होता. म्हणाला, "साहब, हम रोज शाम को क्या करते हैं?"

रोज संध्याकाळी आम्ही व्हॉलीबॉल खेळायचो. धक्क्याच्या मागे वाळू ठोकून मैदान केलं होतं, त्याच्यावर एक मोठा फ्लडलाइट. बेटावर दुसरी करमणूक म्हणजे कॅरम, कॅसेट आणि मासे धरणं, पण ती ज्याची त्याची. व्हॉलीबॉल सगळ्यांचा. काही बिघडलेलं असलं, कुणी आजारी असलं, तर तो दिवा लागत नसे. नाखोद्यालाही ते माहीत होतं, वस्तीला असला की तोही खेळायचा. साहेब म्हणाले, "दिवा लावा. सगळे मैदानावर."

मी छपरावर दुर्बिणीला डोळा लावून बसलो, कारण लाँच कुठे तोंड करतेय ते मलाच दिसणार होतं. खाली फ्लडलाइट लागला. माणसं वाऱ्यात वाकून मैदानात उतरली. मामा, ज्यांनी कधी चेंडूला हात लावला नव्हता, तेसुद्धा लुंगी खोचून उभे. पहिली सर्व्हिस वर गेली आणि वाऱ्याने चेंडू उचलून अंधारात नेला. तो पुन्हा दिसला नाही. दुसरा चेंडू नव्हता. मग चेंडूशिवायच त्यांनी उड्या मारायला सुरुवात केली. हात वर करून, वाळूने डोळे मिटून, कोण कुठे उडी मारतंय त्याचा कुणाला पत्ता नाही. मी दुर्बिणीत बघितलं. तांबडा आणि हिरवा. दोन्ही. आणि आता मोठे.

मी वरून ओरडलो, "येतेच आहे!" पुन्हा बघितलं. मध्ये तांबडा दिवा एकदा नाहीसा झाला, मला वाटलं वळली, पण ती लाट होती. तो परत वर आला. लाँच आता मैलभरावर असेल. एवढ्या अंतरावरून मैदान नाखोद्याच्या दुर्बिणीत लख्ख दिसत असणार. मग तो वळत का नाही? मला त्याचा राग आला, दाजींचा आला, त्या पुण्याच्या बाईंच्या जिलेटिन पेपरचासुद्धा आला.

साहेब शिडी चढून वर आले. म्हणाले, "दुर्बीण मी बघतो. तू खाली जा. ती माणसं वेड्यासारखी उड्या मारताहेत, तो खेळ वाटत नाही. शिट्टी वाजव, जरा शिस्त लाव."

पंच रोज मीच असायचो. मला खेळ येत नव्हता आणि भांडण येत होतं, म्हणून ते काम माझ्याकडे. मैदानाच्या कडेला डिझेलचं रिकामं पिंप उभं केलेलं होतं, त्यावर चढून बसायचं. मी चढलो. त्या जागेची पाठ समुद्राकडे. म्हणजे आता लाँच मला दिसणार नव्हती. छपरावर साहेब दिसत होते, आणि समोर चेंडूशिवाय खेळणारी माणसं. मी शिट्टी फुंकली. तोंडात वाळू गेली. मी हात वर करून डाव्या बाजूला पॉइंट दिला. लाहोरचा मेकॅनिक थांबला आणि सवयीने माझ्या अंगावर धावून आला, "आउट था, आउट! आँख नहीं है?" मी म्हटलं, "लाइन पे था." तो म्हणाला, "खुदा का खौफ करो." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, वाळूने की कशाने, मी विचारलं नाही. पुढची सर्व्हिस झाली. केरळचा एक पोरगा पडला, उठला. मी पॉइंट देत राहिलो. माझ्या पाठीला तो सगळा समुद्र टोचत होता आणि मागे वळून बघायचं धाडस मला होत नव्हतं. आता लाकडं फुटल्याचा आवाज येईल, असं प्रत्येक श्वासाला वाटत होतं.

साहेबांचा आवाज वाऱ्यात तुटत आला. आधी कळला नाही. मग त्यांनी दोन्ही हात हलवत पुन्हा सांगितलं: हिरवा गेला, फक्त तांबडा दिसतोय. थोड्या वेळाने तांबडाही गेला आणि बोटीच्या मागचा पांढरा दिवा तेवढा उरला. लाँच वळली होती. वाऱ्याला पाठ देऊन दक्षिणेला निघाली होती. मैदानातली माणसं होती तिथे वाळूवर बसली. मी पिंपावरून उतरलो आणि त्यांच्यात जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोह्याहून निरोप आला की लाँच दक्षिणेकडच्या बंदराला लागली, सगळे सुखरूप. विमान अर्थातच गेलं होतं. दाजींना पुढचं मिळेपर्यंत बहीण बाळंत झाली, मुलगी.

नाखोदा पुढच्या खेपेला आला तो धक्क्यावर उतरला नाही. मामांनी चहा नेला, त्याने कपाला हात लावला नाही. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, कंदील कशाचा, खेळ कशासाठी. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हम मरने आया, तुम बॉल खेलता." मी म्हटलं, बॉल नव्हताच. काही महिने लागले त्याला आमचा चहा प्यायला. त्याच्या जागी मी असतो तर कधीच प्यायलो नसतो.

दाजी हिवाळा संपता संपता परतले. लाँचमधून उतरले ते नेहमीसारखे पांढरेफटक, एका हातात पेढ्यांचा पुडा. संध्याकाळी ते फ्लडलाइटची वायर तपासायला मैदानावर बसले आणि मी त्यांच्या शेजारी. मी म्हटलं, "दाजी, आम्हाला खेळताना बघून तुम्हीपण चिडला असाल."

"नाखोदा खवळला हुता," ते म्हणाले. "दुर्बीण माझ्या हातात दिली, म्हनला बघ, तुझी मानसं नाचत्यात. आन् चाक फिरवायला लागला. म्या त्याचा हात धरला."

"का?"

"समदी हुती. मामासुदिक. तुमी न्हवता. तुमची पिंपावरची जागा मोकळी." ते वायर सोलत राहिले. "पाव्हण्याबिगर खेळ हुतोय व्हय? मला वाटलं, तुमचं काय तरी झालंय आन् ही हात वर करून आमाला बोलवत्यात. म्हटलं, चल म्होरं. तो म्हनला, मरू. म्हटलं, चल. मग तुमी येऊन बसला, हात वर करून पॉइंट दिला. तवा सोडला म्या त्याचा हात."

मला रडू आलं, आणि ते मी दाजींपासून लपवलं नाही.